हायड्रॉलिक क्लचचा बिघाड नेमका कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिअर अडायला लागला की बहुतेकांना पहिली शंका क्लचप्लेटची येते आणि गिअरबॉक्स खाली उतरतो. पेडलपासून प्लेटपर्यंत हालचाल कुठे हरवते हे पट्टीने मोजून सापडतं, आणि ते मोजायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. पेडल मास्टर सिलिंडरमधलं तेल दाबतं, ते तेल नळीतून (लाइनमधून) गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन ढकलतं आणि स्लेव्ह क्लच सोडवतो; हेच हायड्रॉलिक. हे तेल बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलच असतं. खालची उत्तरं त्याच क्रमाने लिहिली आहेत.

क्लच खराब झालाय हे कळतं, पण बिघाड तेलाच्या बाजूचा की प्लेटचा?

आधी एवढंच ठरवा: क्लच सुटत नाही की धरत नाही?

पेडल पूर्ण दाबूनही गिअर अडतो, रिव्हर्सला करकर होते, पेडल दाबलेलं असताना गाडी पुढे सरकू पाहते, ही क्लच न सुटण्याची लक्षणं. इथे संशय हायड्रॉलिकवर आधी घ्यायचा. याउलट चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतोय. घसरणारा क्लच बहुतेक वेळा झिजलेल्या किंवा तेल लागलेल्या प्लेटचा असतो. हायड्रॉलिकमुळे क्लच घसरतो तो मोजक्याच परिस्थितीत, त्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

पेडल सोडताना गाडी थरथरते, ही तिसरी तक्रार. तिचा हायड्रॉलिकशी सहसा संबंध नसतो. प्लेट, फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) किंवा इंजिन माउंटिंग बघा.

क्लच पूर्ण सुटतो का, हे स्वतः कसं तपासायचं?

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनावर गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच सुटत नाही. बंद इंजिनावरही अडत असतील तर गिअरची केबल, लिंकेज किंवा गिअरबॉक्स तपासा, क्लचच्या मागे लागू नका.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. इंजिन आयडलवर, गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल तळापर्यंत दाबा आणि 5 सेकंद थांबून रिव्हर्स टाका. थांबणं महत्त्वाचं आहे. पेडल दाबल्यावरही प्लेट आणि शाफ्ट जडत्वाने थोडा वेळ फिरत राहतात, त्यामुळे घाईत टाकलेला रिव्हर्स चांगल्या क्लचवरही करकरतो. 5 सेकंदांनंतरही करकर झाली तर प्लेट इंजिनाबरोबर ओढली जातेय. काही गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सलाही सिंक्रोनायझर (गिअरचे वेग जुळवणारा भाग) असतो. तिथे करकर ऐकू येणार नाही, गिअर फक्त जड जाईल.

खात्री हवी असेल तर इंजिन बंद करून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडण्या लावून, इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांपैकी एक चाक जॅकने उचला आणि स्टँडवर घ्या. हँडब्रेक त्याच चाकांवर काम करत असेल तर सोडा. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाक हाताने फिरवायचं. थोड्या अडथळ्याने का होईना, चाक फिरलं पाहिजे. घट्ट बसलं तर क्लच सुटलेला नाही. ही चाचणी करताना पेडल हळूहळू सोडत न्या. चाक नेमकं किती उंचीवर पकडतं हे दिसतं. पेडल जमिनीपासून जेमतेम वर येताच पकडत असेल तर तेलाच्या बाजूची हालचाल कमी पडतेय.

हालचाल कमी पडते म्हणजे किती? एवढ्याशा हवेने खरंच फरक पडतो?

हिशोब करून बघू. समजा पेडलची एकूण हालचाल 140 मिलिमीटर आणि पेडलचं गुणोत्तर 5:1. म्हणजे मास्टर सिलिंडरचा पिस्टन 28 मिलिमीटर सरकतो. मास्टरचा व्यास 15.87 मिलिमीटर आणि स्लेव्हचा 19.05 मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळांच्या प्रमाणात स्लेव्हचा पिस्टन साधारण 19 मिलिमीटर सरकेल.

आता लाइनमध्ये 1 मिलिलिटर हवा आहे असं धरा. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. क्लचच्या दाबाखाली ती हवा जवळजवळ नाहीशीच होते, आणि तेवढ्या आकारमानाचं तेल स्लेव्हपर्यंत पोहोचण्याऐवजी तिची जागा भरतं. याच सिलिंडरांत 1 मिलिलिटर म्हणजे मास्टरचे 5 मिलिमीटर, पेडलचे 25 मिलिमीटर आणि स्लेव्हचे साडेतीन मिलिमीटर. शेंगदाण्याएवढ्या बुडबुड्याने क्लच सुटणं बंद होतं ते असं. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात, पण प्रमाण याच जातीचं असतं.

पेडल तीन-चार वेळा पटपट मारलं की गिअर पडतो. मग हवाच ना?

बहुधा हवा, पण मास्टरचा आतला वायसर (रबरी सील) गेलेला असला तरी हेच लक्षण दिसतं. दोन्हींत फरक करायचा तर पेडल मारून मारून कडक करा आणि दाबून धरा.

सपाट जागेवर, ब्रेकवर पाय ठेवून, इंजिन आयडलवर, पहिल्या गिअरमध्ये पेडल मिनिटभर तळाशी धरा. सुरुवातीला सगळं ठीक असेल आणि हळूहळू आरपीएम पडायला लागून गाडी पुढे ओढू लागली, तर दाब कुठून तरी सुटतोय. बाहेर कुठेही ओल दिसत नसेल तर तो मास्टरच्या पुढच्या वायसरवरून मागे, तेलाच्या डबीत जातोय. यात डबीची पातळी अजिबात कमी होत नाही, म्हणून हा दोष सर्वांत जास्त चुकतो. हवा असेल तर पेडल स्पंजासारखं लागतं, पण एकदा दाबून धरल्यावर असं खचत नाही.

मास्टर गेला की स्लेव्ह, हे नक्की कसं ठरवायचं?

स्लेव्ह बाहेर बसवलेला असेल तर काम सोपं आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्हची पुशरॉड क्लचच्या फोर्कला (क्लच सोडवणाऱ्या दांड्याला) ढकलताना दिसते. एकाने पेडल पूर्ण दाबावं, दुसऱ्याने पुशरॉड किती मिलिमीटर बाहेर येते ते पट्टीने मोजावं. आकडा गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. अनेक गाड्यांत तो 10 ते 15 मिलिमीटरच्या आसपास असतो. हालचाल पुरेशी असूनही क्लच सुटत नसेल तर हायड्रॉलिक निर्दोष आहे, बिघाड बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) आत आहे. हालचाल कमी असेल तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही.

हालचाल कमी निघाली की स्लेव्हचा रबरी बूट मागे सारून आत बघा. किंचित ओलसरपणा चालतो. तेलाचा थेंब निघाला तर स्लेव्हचा वायसर गेला.

तिथे कोरडं असेल तर मास्टरला एकटं पाडा. मास्टरच्या तोंडाशी लाइन सोडवून त्याच आट्यांचा बूच घट्ट बसवा, तोंडाशी साचलेली हवा काढा आणि पेडल दाबा. चांगला मास्टर सुरुवातीच्या थोड्या हालचालीनंतर दगडासारखा लागतो आणि तसाच राहतो. पेडल खचलं तर मास्टर बदला. पेडल कडक राहिलं तर दोष खालच्या बाजूला आहे: हौज (लाइनमधली रबरी नळी), स्लेव्ह किंवा अडकलेली हवा. रबरी हौज चिमट्याने दाबूनही हीच चाचणी होते, मात्र गुळगुळीत तोंडाचा खास चिमटाच वापरा आणि जुन्या, चिरा पडलेल्या हौजवर हा प्रयोग करू नका. प्लॅस्टिकची लाइन तर कधीच चिमटू नये.

मास्टर तपासताना पेडलजवळच्या यांत्रिक भागांकडे दुर्लक्ष होतं. पिन झिजून भोक लांबट झालेलं असतं, पेडलचा ब्रॅकेट तडकलेला असतो, किंवा मास्टर ज्या पत्र्यावर बसवलाय तो पत्राच दाबाखाली वाकतो. एकाला पेडल दाबायला सांगून बॉनेटमधून मास्टरकडे बघा. तो पुढे सरकताना दिसला तर तेवढी हालचाल वाया जातेय.

पेडल खालीच राहतं, पायाने वर ओढावं लागतं. का?

ब्लीड करून (लाइनमधली हवा काढून) आलेल्या गाडीत हे झालं तर लाइनमध्ये हवा आहे. अचानक झालं तर डबी तपासा. तेल संपलं असेल तर पेडलला वर ढकलायला दाबच उरत नाही.

डबी भरलेली असेल तर तीन जागा उरतात: मास्टरचा पिस्टन गंजून किंवा मळाने अडकणं, पेडलची स्प्रिंग तुटणं, आणि हौजचं आतलं अस्तर सुटणं. शेवटची भानगड फसवी असते. बाहेरून हौज ठणठणीत, आत सुटलेलं रबर एकमार्गी झडपेसारखं वागतं: तेल स्लेव्हकडे जातं, परत येताना अडतं. पेडल खाली असतानाच स्लेव्हचा ब्लीड निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) क्षणभर सैल करा. दाबाने तेल उडालं तर अडथळा निपलच्या वर, हौज किंवा मास्टरमध्ये आहे.

डबीतलं तेल कमी होतं, पण खाली कुठे थेंब नाही.

गाडीच्या आत बघा. पेडलच्या वर, मास्टरच्या पुशरॉडभोवती बोट फिरवा, गालिचा उचला. मास्टरचा मागचा वायसर गेला की तेल इथेच झिरपतं.

पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते आणि क्लचला जाणारी नळी डबीच्या कडेला उंचावर जोडलेली असते, म्हणजे क्लच गळाला तरी ब्रेकचं तेल शिल्लक राहावं. पातळी घसरत घसरत नेमकी त्या नळीच्या तोंडाशी थांबली असेल तर गळती क्लचकडे आहे. ती त्याखाली गेली तर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी काढू नका. ब्रेकचे पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, ते मात्र स्वाभाविक आहे. गंमत म्हणजे क्लचप्लेट झिजली की उलट होतं: रिलीज बेअरिंग (क्लचला ढकलून सोडवणारं बेअरिंग) मागे ढकललं जातं आणि तेल किंचित डबीकडे परततं.

बेल हाउसिंगच्या खाली थेंब दिसतात. कोणतं तेल?

पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. ब्रेक ऑइल पातळ, फिक्कट पिवळं ते तपकिरी असतं आणि पाण्यात विरघळतं. वाटीभर पाण्यात थेंब टाकला की मिसळून जातो. इंजिन ऑइल पाण्यावर तरंगतं. गिअर ऑइल घट्ट असतं आणि बहुधा गंधकासारखा उग्र वास मारतं. ब्रेक ऑइल निघालं आणि स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आत असेल, तर स्लेव्ह गेला. इंजिन ऑइल निघालं तर क्रँकचं मागचं सील.

ब्रेक ऑइल रंग खातं. पत्र्यावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

सकाळी गाडी उत्तम चालते, तासभर रहदारीत गेलं की गिअर अडू लागतो.

तेल जुनं आहे. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलसाठी किमान मर्यादा कोरड्या अवस्थेत 230 अंश सेल्सिअस आणि ओल शोषलेल्या अवस्थेत 155 अंश आहे. डॉट 3 साठी 205 आणि 140. स्लेव्ह किंवा लाइन एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर तापून वाफेचे बुडबुडे होतात आणि ते हवेसारखेच वागतात. गार झाल्यावर ते विरतात, म्हणून गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागते. सगळं तेल बदला आणि एक्झॉस्टजवळचा उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का बघा. एवढं करूनही तक्रार राहिली तर मास्टरचा वायसर तापल्यावर सैल पडतोय. वरची मिनिटभराची चाचणी गरम गाडीवर पुन्हा करा.

तेल कोणतं आणि किती?

डबीच्या झाकणावर जे लिहिलंय ते. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही तिन्ही ग्लायकॉलची. डॉट 5 सिलिकॉनचं आहे, ते यांच्यात मिसळत नाही. नाव जवळचं असल्याने घोटाळा होतो. काही मोजक्या गाड्यांच्या क्लचला खनिज तेल लागतं, तिथे ब्रेक ऑइल चालत नाही. उलट, ब्रेक ऑइलच्या प्रणालीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल गेलं तर वायसर फुगतात आणि सगळे रबरी भाग बदलावे लागतात.

पूर्ण बदलासाठी अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली पुरते. महिनोन्‌महिने उघडून ठेवलेली बाटली वापरू नका. दर 2 वर्षांनी बदल करणं शहाणपणाचं. तेल काळं झालं असेल तर त्यात मळ किंवा वायसरच्या रबराचा चुरा आहे. बदलल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा काळं झालं तर वायसर झिजतायत.

हवा काढायची रीत काय?

निपलच्या मापाचा रिंग पाना, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, तळाशी थोडं तेल असलेली बाटली आणि पेडलवर एक माणूस एवढं लागतं.

1. डबी साफ करून काठोकाठ भरा. काम चालू असताना पातळी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.
2. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवा.
3. पेडल सावकाश तळापर्यंत दाबून धरायला सांगा आणि निपल अर्धा आटा उघडा.
4. तेल थांबलं की आधी निपल बंद, मगच पेडल वर. हा क्रम चुकला की निपलमधून हवा आत ओढली जाते.
5. बुडबुडे थांबेपर्यंत आणि स्वच्छ तेल येईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. 15 ते 20 वेळा सहज लागतात.

पेडल जोरजोरात मारू नका. मोठ्या बुडबुड्याचे शेकडो बारीक बुडबुडे होतात आणि ते निघायला तासन्‌तास लागतात. निपल बंद करताना हलक्या हाताने आवळा, तो पोकळ असतो आणि तुटतो.

स्लेव्ह गिअरबॉक्सवरून सोडवलेला असताना पेडलला पाय लावू नका. पिस्टन बाहेर उडतो.

अर्धा लिटर तेल संपलं तरी पेडल स्पंजासारखंच. आता?

निपल स्लेव्हच्या सर्वांत वरच्या बिंदूला आहे का बघा. चुकीच्या बाजूला बसलेल्या स्लेव्हमध्ये हवा वर अडकते आणि निपल खाली राहतो. बाहेरचा स्लेव्ह असेल तर तो सोडवून निपल वर येईल असा धरा, पिस्टन हाताने पूर्ण आत दाबून तिथेच अडवा आणि मग ब्लीड करा. आत जागाच कमी उरल्याने हवा लपायला वाव राहत नाही.

लाइन मध्येच वर चढून खाली येत असेल तर त्या उंचवट्यावर बुडबुडा बसतो. पेडलच्या सावकाश प्रवाहाने तो हलत नाही. तिथे खालून वर तेल ढकलणं उपयोगी पडतं: मोठ्या सिरिंजने स्लेव्हच्या निपलमधून ताजं तेल हळूहळू भरा, हवा आपणच डबीतून बाहेर पडते. आधी डबीतलं तेल थोडं काढून घ्या, नाहीतर ती ओसंडेल. लाइनमध्ये थरथर शोषणारा डबा असेल तर त्यातही हवा अडकते. नवीन मास्टर असेल तर तो गाडीवर चढवण्याआधी बाकावर तेल भरून त्यातली हवा काढावी.

स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला आहे. तो कसा तपासायचा?

मोजायला पुशरॉड दिसत नाही, म्हणून वजाबाकीने जावं लागतं. मास्टर बूच लावून पास झाला, लाइन कोरडी, हवा निघालेली, आणि तरी पेडल खचतं, तर आतला स्लेव्ह गेला. बेल हाउसिंगखाली ब्रेक ऑइल दिसलं तर शंकाच नाही. तेल प्लेटवर उडालं असेल तर क्लच एकाच वेळी सुटायलाही कुरकुरतो आणि घसरतोही.

हा स्लेव्ह बसवण्याआधी हाताने दाबून बघू नका आणि गाडीवर चढवल्यावर तेल भरण्याआधी पेडल मारू नका. कोरडा सील उलटतो किंवा फाटतो. गिअरबॉक्स कुठल्याही कारणाने उतरला आणि स्लेव्ह जुना असेल, तर तो बदलूनच गिअरबॉक्स चढवा. इथे काटकसर म्हणजे तीच मजुरी दोनदा.

हायड्रॉलिकमुळे क्लच घसरू शकतो का?

हो, दाब परत सुटला नाही तर. पुशरॉडला मोकळी हालचाल नसेल तर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि डबीकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. तेल तापून फुगतं, जायला जागा नसते, आणि रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर (क्लचप्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागावर) रेटलेलंच राहतं. घसरत असतानाच स्लेव्हचा निपल उघडा. तेल जोरात उडून घसरणं थांबलं तर प्लेट बदलू नका. मोकळी हालचाल दुरुस्त करा, किंवा हौजचं अस्तर सुटलं असेल तर हौज बदला.

मोकळी हालचाल पेडलच्या टोकाशी साधारण 5 ते 15 मिलिमीटर असते. नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. क्लच कमी सुटतोय म्हणून पुशरॉड लांब करत जाणं ही सर्रास केली जाणारी चूक आहे. त्यातूनच हे घसरणं सुरू होतं.

स्लेव्हची हालचाल पूर्ण आहे, तरी क्लच सुटत नाही.

मग आतल्या यादीकडे या: फोर्क वाकलेला किंवा तडकलेला, त्याचा टेकू झिजलेला, प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजून अडकलेली, पायलट बेअरिंग (शाफ्टचं इंजिनाकडचं टोक धरणारं) जाम, प्रेशर प्लेटची बोटं तुटलेली. नुकतीच प्लेट बदलली असेल तर ती उलटी बसलीय का, हा प्रश्न मेकॅनिकला विचारायला लाजू नका. फार काळ उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीललाच चिकटते.

पेडल दाबलं की घरघर येते.

रिलीज बेअरिंग. पेडल दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

फक्त रबर किट टाकावं की पूर्ण सिलिंडर?

सिलिंडर उघडून आत बोट फिरवा. गुळगुळीत असेल तर किट चालतं. ओरखडे किंवा गंजाचे खड्डे लागले तर नवा वायसर काही महिन्यांत फाटेल, सिलिंडरच बदला. मास्टर आणि बाहेरचा स्लेव्ह एकाच वयाचे असतील तर एक बदलल्यावर दुसरा थोड्याच दिवसांत गळू लागतो, हा नेहमीचा अनुभव आहे.

रस्त्यातच पेडल तळाला गेलं. गाडी कशी न्यायची?

आधी ब्रेक दाबून बघा. डबी सामायिक असेल आणि ब्रेकचं पेडलही मऊ लागत असेल, तर गाडी ओढूनच न्या.

ब्रेक ठीक असेल तर डबीत योग्य तेल भरून पेडल काही वेळा मारा. जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्याइतका दाब कधी कधी बनतो. नाही बनला तर इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका, समोर मोकळी जागा आहे याची खात्री करा आणि स्टार्टर फिरवा. गाडी झटक्याने पुढे निघून चालू होईल. पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर न फिरणाऱ्या गाडीत पेडल दाबून चावी फिरवा, स्विच पेडलच्या हालचालीवर चालतो, दाबावर नाही. वरच्या गिअरला जाताना ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रलला या, आरपीएम उतरू द्या आणि पुढच्या गिअरकडे लिव्हर हलका दाबून धरा, वेग जुळला की तो आपोआप आत जातो. थांबायच्या आधी न्यूट्रल करा. चढ, गर्दी आणि सिग्नल टाळता येत नसतील तर हा प्रयोग नको. स्टार्टरवर ताण पडतो आणि पहिल्या झटक्यात गाडी कुणावर जाईल याचा नेम नसतो.